बाजेवरची फळी: कबड्डीतल्या एका गुडघ्याचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपी करते. हे प्रकरण इथल्याच एका वीस वर्षांच्या मुलीचं आहे. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे, नाव आणि गाव मात्र लिहीत नाही. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वजन ४९ किलो, उंची १६१ सेंमी. संघातली पहिली चढाईपटू. शिवाय पोलीस भरतीची तयारी. म्हणजे ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, पहाटे साडेचारला उठून. खेळ आणि नोकरी, दोन्हींचा भार त्या दोन गुडघ्यांवरच होता.

जखम

जानेवारी २०२३, संक्रांतीनंतरचे सामने. आमच्याकडे सोयाबीन निघालं आणि कापसाचे पहिले वेचे झाले की गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. मैदान मातीचं. पाणी मारून, दाबून तयार केलेलं, पण काळी माती ती, वरून वाळली की भेगाळते आणि खाली पाय धरून ठेवते. तिने बोनस घेतला, डावीकडच्या कोपरारक्षकाने घोट्याकडे झेप टाकली, ती चुकवायला ती उजव्या पायावर गर्रकन वळली. पाऊल जागेवर राहिलं, मांडी आणि धड फिरलं, गुडघा आत गेला. कुणाचाही धक्का नव्हता. "मॅडम, टक असा आवाज आला, मले वाटलं हाडच मोडलं," असं तिने मला नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

धक्का न लागता वळताना फसलेला पाय, आतून आलेला आवाज आणि काही तासांतच आलेली सूज, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढचा क्रूसिएट लिगामेंट तुटल्याचा दाट संशय घ्यायचा असतो. मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरपा जाणारा हा जाड दोर नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पिळू देत नाही. तो तुटताना आत रक्त साचतं, म्हणून सूज इतकी लवकर येते.

पण त्या रात्री मैदानावर हे ओळखणारं कुणी नव्हतं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवून आले ते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू. इतका जुना खेळ आहे हा विदर्भाचा. तरी आजही गावच्या सामन्यात मांडवात बक्षिसाची ढाल असते, भोंगा असतो, पाहुण्यांसाठी हार असतात, आणि गुडघा फिरलेल्या पोरीला बघणारं माणूस नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचे दोन महिने जसे जातात तसे गेले. एक्स-रे काढला, हाड शाबूत म्हणून "काही झालं नाही" ठरलं. लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही. मग शेजारच्या गावच्या जाणत्याकडून मालिश आणि लेप. सूज उतरली, तिला बरं वाटलं, ती सरावाला गेली आणि वळताना गुडघा पुन्हा निसटला. त्यानंतर मात्र वडिलांनी नागपूर गाठलं. एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण तुटलेला निघाला. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, सुदैवाने वाचली होती. असा निसटता गुडघा घेऊन खेळत राहणाऱ्यांची गादी पुष्कळदा फाटते.

ऑपरेशन करावंच लागतं का, हा प्रश्न त्यांनी तिथे विचारला होता आणि तो रास्त होता. स्वीडनमध्ये १२१ तरुण खेळकर रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात अर्ध्यांना सुरुवातीलाच ऑपरेशन दिलं आणि उरलेल्यांना आधी व्यायाम, गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशनची गरजच पडली नव्हती. तेव्हा शेती करणाऱ्या, सरळ चालणाऱ्या माणसाने घाई करू नये. पण चढाई म्हणजे वळणं, थांबणं, निसटणं. तिचा गुडघा तर साध्या सरावातही दगा देत होता. ऑपरेशनचा निर्णय बरोबरच होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. त्याच पायाच्या मांडीच्या मागचे दोन स्नायुबंध काढून त्यांचा नवा दोर बसवला. काम चांगलं झालं होतं, हे मी नंतर कागद आणि गुडघा दोन्ही पाहून सांगते.

सहाव्या आठवड्यातला गुडघा

मे महिन्याच्या मध्यावर ती आईबरोबर पहिल्यांदा माझ्याकडे आली. एसटीने. त्या वर्षी १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, आणि माझ्या मते या प्रकरणात त्या अर्ध्या तिकिटाचा वाटा कुठल्याही औषधाएवढा आहे. दोघींना दर आठवड्याला येणं परवडलं ते त्यामुळेच.

आई खुशीत होती. "आता बराच वाकते मॅडम पाय. नव्वदच्या वर गेला." खरंच गेला होता, १०५ अंशांपर्यंत. घरच्या कागदावर इंग्रजीत व्यायाम लिहिले होते, ते कुणालाच वाचता येत नव्हते. डॉक्टरांच्या तोंडचं "नव्वदपर्यंत वाकवा" एवढंच लक्षात राहिलं होतं. आणि घरच्यांनी ते मनावर घेतलं त्याला कारणही होतं. पाय वाकला नाही तर संडासात कसं बसायचं? निंदायला कसं बसायचं? चुलीपुढे, पाटावर, पंगतीत, देवापुढे, सगळीकडे बसायचं म्हणजे गुडघा मोडूनच. आमच्याकडे वाकणारा गुडघा म्हणजे बरा गुडघा.

मी तिला पालथं झोपवलं, दोन्ही पाय टेबलाच्या कडेबाहेर सोडले आणि टाचा पाहिल्या. डावी टाच खाली लोंबली होती, उजवी वर राहिली होती. टेपने मोजलं तर टाचांमध्ये १४ सेंमीचा फरक. या मोजमापात एक सेंमी म्हणजे साधारण एक अंश. तिचा चांगला गुडघा सरळ होऊन आणखी चार-पाच अंश मागे जायचा, पुष्कळ मुलींचा जातो. म्हणजे ऑपरेशनचा पाय सरळ रेषेलाच दहा अंश कमी पडत होता. बघणाऱ्याच्या डोळ्याला हे दिसतही नाही. दिसते ती फक्त थोडी लंगडी चाल.

या दहा अंशांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं प्रकरण तिथेच अडलं होतं.

गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या टप्प्यात हाडं एकमेकांत किंचित फिरून बसतात आणि सांधा कुलूपबंद होतो. मग उभं राहायला मांडीच्या स्नायूला फार कष्ट पडत नाहीत. सरळ न होणारा गुडघा सतत वाकूनच चालतो, मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला आणि तरीही अर्धवट कामाचा, आणि सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर. त्यात वाईट हे की आत नव्या दोराच्या पुढे व्रणाची गाठ वाढायला जागा मिळते. ती गाठ एकदा घट्ट झाली की दाराखाली खडा अडकावा तसा गुडघा तिथेच अडतो, आणि तो खडा काढायला कधीकधी पुन्हा दुर्बीण घालावी लागते. १९९० मध्ये अमेरिकेत शेलबर्न आणि नित्झ यांनी जो अनुभव मांडला, त्याने या शस्त्रक्रियेनंतरच्या उपचाराची दिशाच बदलली. त्याआधी असा गुडघा आठवडेच्या आठवडे बांधून, वाकलेला ठेवत. त्यांना दिसलं की सांगितलेलं न ऐकता लवकर पाय टाकणारे, लवकर पाय सरळ करणारे रुग्ण उलट चांगले बरे होत होते. तेव्हापासून पहिल्या दिवसापासून पूर्ण सरळ, हा नियमच झाला. वाकणं मागाहून येतं. सरळपणा गेला तर तो परत आणायला फार झगडावं लागतं.

मी तिला टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा खाली सोडायला सांगितलं, दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, सहा आकडे मोजायचे. उन्हाळा भर होता, घरी फ्रीज नव्हता, म्हणून सुजेवर लावायला दुकानातल्या गोठवलेल्या 'पेप्सी'च्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून वापरायला सांगितल्या. चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याखाली तिला घामोळं आलं होतं, तेही बघितलं.

पुढच्या आठवड्यात १३ सेंमी. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा १४.

मी चिडले. माझ्याकडे टेबलावर अर्धा तास काम केल्यावर तो नऊपर्यंत उतरायचा आणि सात दिवसांनी जिथल्या तिथे. मी तिला म्हटलं, तू घरी करतच नाहीस. ती खाली मान घालून बसली, काही बोलली नाही. तिची ती गप्प मान मला अजून आठवते, कारण ती सगळे व्यायाम करत होती. सहाही वेळा. चूक माझी होती. ती दिवसाचा एक तास पाय सरळ करते एवढंच मी धरून चालले होते. उरलेले तेवीस तास तिचा पाय कुठे असतो हे मी विचारलंच नाही.

बाज

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, मी तिच्या घरी गेले. आठ आठवडे होत आले होते. तिच्या सर्जननी फोनवर सांगितलं होतं, बाराव्या आठवड्यापर्यंत सरळ नाही झाला तर पुन्हा आत बघावं लागेल. पहिल्या ऑपरेशनचं कर्ज अजून डोक्यावर होतं, त्यातलं थोडं कृषी केंद्राच्या उधारीत मिसळलेलं. पेरणी तोंडावर.

ओसरीत तिची बाज होती. सुतळीची, जुनी, मधोमध खोलवर लोंबलेली. आमच्या भागात आजारी माणसाला जागा मिळते ती बाजेवर, हा मान आहे. खाली झोपलं की उठता येत नाही, म्हणून आईने मुद्दाम तिला बाज दिली होती, स्वतः खाली झोपत होती. मी तिला म्हटलं, नेहमीसारखी झोप बरं. ती झोपली. कंबर झोळीत गेली, टाच काठाच्या लाकडावर आली, आणि दोन्हींच्या मध्ये गुडघा वाकून वर उभा राहिला. त्याखाली आईने प्रेमाने एक उशीही सरकवली. "उशी देल्ली की दुखत नाही तिले."

दुखत नाही हे खरंच. सुजलेल्या गुडघ्याला आत सगळ्यात जास्त जागा मिळते ती तीसेक अंश वाकल्यावर, म्हणून त्या कोनात त्याला आराम वाटतो. शरीर आपणहून तो कोन शोधतं. आणि रात्रभर त्या कोनात पडलेला गुडघा दिवसभराची कमाई गमावून बसतो. बाज, त्यावर उशी, आणि दुपारी पाटावर बसून स्वयंपाक, कारण आई शेतात. वीस-बावीस तास वाकलेला, एक तास सरळ. एका तासाची कमाई रोज रात्री बाजेच्या झोळीत जात होती.

मी आईला म्हटलं, "काकू, उशी काढा आणि या बाजेवर काहीतरी टणक टाका."

त्यांना ते पटेना. "मॅडम, वाकला पाह्यजे ना पाय, खाली बसाले. सरया पायाचं काय करू मी?"

मी दाराकडे बोट दाखवलं. दार पूर्ण लोटल्याशिवाय कडी बसत नाही ना? गुडघ्याचंही तसंच आहे काकू. तो पूर्ण सरळ झाला की कडी लागते. कडी न लागलेलं दार वाऱ्याने हलत राहतं, आणि कडी न लागलेला गुडघा पळताना हलत राहतो. पुढे तुमची लेक खाली बसेल, निंदेल, चढाईही करेल, पण आधी कडी. त्या काही वेळ दाराकडेच बघत राहिल्या. मग गोठ्यात गेल्या आणि जुन्या खोलीच्या दाराची निखळलेली फळी घेऊन आल्या. वडिलांनी ती बाजेवर आडवी-उभी बसवून सुतळीने बांधली, वर गोधडी. दहा मिनिटांचं काम.

संडासासाठी प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मध्ये कापून ती भांड्यावर ठेवली. गावात हा उपाय म्हाताऱ्यांसाठी करतात, पोरीला त्याची लाज वाटत होती. स्वयंपाकाचा गॅस ओट्यावर चढवला. आणि फळीवर टाचेखाली दुपट्याची गुंडाळी, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबतील अशा एक-एक किलो मिठाच्या पिशव्या जोडून, दहा मिनिटं.

पुढच्या आठवड्यात टाचांमधला फरक ९ सेंमी. नंतर ७. अकराव्या आठवड्याला ५, म्हणजे गुडघा सरळ रेषेला आला. बाराव्या आठवड्यात सर्जननी बघून दुसऱ्या दुर्बिणीचा विषय सोडून दिला. सगळ्याच गुडघ्यांचं असं होत नाही, गाठ पक्की झाली असती तर फळीने काही झालं नसतं. आम्ही वेळेत होतो, एवढंच.

बरं वाटण्याचे धोक्याचे दिवस

जून सरता सरता ती न लंगडता चालायला लागली आणि घरातल्यांच्या लेखी गोष्ट संपली. माझ्या लेखी सगळ्यात नाजूक दिवस तेच होते. बसवलेला दोर मुळात स्नायुबंध असतो. गुडघ्यात गेल्यावर त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि महिनोनमहिने तो हळूहळू लिगामेंटसारखा होत जातो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत तो सगळ्यात कमकुवत असतो, आणि नेमकं त्याच काळात दुखणं थांबलेलं असतं. वरून पाऊस, चिखल, शेताचा घसरडा धुरा, म्हणजे बांध, आणि पेरणीला माणसं कमी. तिला शेतात नेऊ नका हे मी वडिलांना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं, एका मजुराची रोजी जास्त दिली, आणि त्या माणसाने त्या वर्षी ती कशी दिली हे मला माहीत आहे.

दोन भीती मात्र विनाकारण होत्या. नडगीच्या आतल्या बाजूची कातडी तिला बधिर लागायची. दोर काढताना तिथल्या बारीक नसेला धक्का लागतो, पुष्कळांना ते कायम राहतं आणि त्याने काही बिघडत नाही. दुसरं, एकदा वाकताना मांडीच्या मागे टचकन आवाज होऊन दुखलं. जिथून बंध काढले तिथला ओढा होता, दोन आठवड्यांत गेला. पोटरी दुखून सुजली असती, अंगावर ताप घेऊन गुडघा लाल झाला असता, तर मी तिला त्याच दिवशी नागपूरला पाठवलं असतं.

कापसाचा काटा

पोळ्याच्या आठवड्यात, पाच महिने झाल्यावर, मी तिच्या मांडीची ताकद मोजली. शहरात यासाठी लाखोंची यंत्रं असतात. माझ्याकडे आहे कापूस मोजायचा लटकता काटा. टेबलावर बसवायचं, गुडघा काटकोनात, घोट्याला रुंद पट्टा, पट्टा काट्याला, काटा टेबलाच्या मागच्या पायाला पक्का बांधलेला. मग जीव तोडून पाय पुढे ओढायचा. तीनदा ओढून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. काट्याची बिनचूकता मोठ्या यंत्राएवढी नसेल, पण तोच काटा, तीच बैठक, तोच पट्टा असला की दोन पायांची तुलना चांगली होते.

डावा ३८ किलो. उजवा २१.

ती आकड्याकडे बघत राहिली. चालताना काही कळत नव्हतं, जिना चढताना कळत नव्हतं, आणि मांडीत निम्मी ताकदच नव्हती. ५५ टक्के. सांध्यात सूज असली, सरळपणा नसला की मेंदू मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. तिचे सुरुवातीचे दोन महिने त्यात गेले होते. आपल्याकडे 'पाच महिने झाले, आता पळ' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या दिवशी काट्याने दाखवलं की महिने भरले तरी मांडी भरलेली नव्हती.

तिथून खरी मेहनत सुरू झाली. घरच्याच वस्तूंनी. ओसरीच्या पायरीवर एका पायाने चढणं-उतरणं. प्लास्टिकच्या खुर्चीतून एका पायावर उठणं, आधी दोन खुर्च्या एकावर एक ठेवून उंच केलेल्या, मग एक. भिंतीला पाठ लावून बैठक. जुन्या जीन्सच्या पायात वाळू शिवून घोट्याला बांधायची वजनं. तुरीची दहा किलोची थैली छातीशी धरून बैठका. हळूहळू खोल बसणंही आलं, आणि ज्या दिवशी ती दाल-भाकर घेऊन पाटावर मांडी घालून बसली त्या दिवशी आईने मला फोन केला. जेवणात डाळ, चणे, शेंगदाणे आणि रोज दोन अंडी. अंड्यांवरून आजीशी वाद झाला, तो तिनेच मिटवला.

सोयाबीन निघाल्यावर, सहाव्या महिन्यात, पांदणीच्या सपाट तुकड्यावर तिने पळायला सुरुवात केली. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसेल तरच पुढे वाढवायचं. ती सूज तिची ती बघायला शिकली, वाटीच्या बाजूची खळी भरली की नाही ते बोटाने.

जानेवारीचे सामने

जानेवारी २०२४. नऊ महिने. तेच सामने, तेच गाव. संघाच्या सरांचा मला फोन आला, नऊ महिने झाले ना मॅडम? त्यांनी नऊ महिने कुठेतरी वाचले होते आणि ते खोटं नव्हतं. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा मागोवा घेतला होता. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने पुढे ढकलला, तितकी दर महिन्याला पुन्हा इजा होण्याची शक्यता सुमारे निम्मी होत गेली. पण त्याच अभ्यासात मांडीची ताकदही मोजली होती आणि जी माणसं कमी ताकदीवर परतली त्यांचे गुडघे जास्त गेले. नऊ महिने ही खालची हद्द आहे. तो दिवस उगवला म्हणून कुणाला मैदानाचा हक्क मिळत नाही.

काट्यावर ती ३२ आणि ३८ वर होती, ८४ टक्के. एका पायावर उडी मारून त्याच पायावर थांबण्याची चाचणी, उजवा १०६ सेंमी, डावा १२१. म्हणजे ८८ टक्के. मी नव्वदच्या खाली सोडत नाही. आणि तरुण मुलींमध्ये एकदा गेलेला गुडघा पुन्हा जाण्याचा, किंवा दुसरा जाण्याचा धोका मोठा असतो. मी नाही म्हटलं.

ती माझ्यासमोर रडली. नंतर तिने सरांना स्वतः सांगितलं, आणि सामन्याच्या रात्री गुण लिहायला बसली. उपांत्य फेरीत त्यांचा संघ तीन गुणांनी हरला. सर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, आणि त्या रात्रीचं तिचं दुःखही माझ्या मनातून जात नाही.

मार्चमध्ये ३६ आणि ३९. ९२ टक्के. उड्या ११८ आणि १२४, ९५ टक्के. मग चढाई. आधी रिकाम्या मैदानावर, कुणी नसताना. मग समोर एक रक्षक, हात न लावता. मग हात लावायला परवानगी. घोटा पकड सगळ्यात शेवटी, आणि ती तिच्या लहानपणच्या मैत्रिणीने पहिल्यांदा धरावी असं तिनेच ठरवलं. उजव्या पायावर वळायची तिला धडकी बसली होती, ती ताकद आल्यावरही गेली नव्हती. ती आकड्यांनी जात नाही. एकाच वळणाच्या शंभर-दोनशे वाऱ्या झाल्यावर एक दिवस ती वळली आणि वळल्याचं तिच्या लक्षात आलं नाही, तेव्हा गेली.

सध्या

जून २०२४ ला मी शेवटचं मोजलं. गुडघा सरळ होऊन तीन अंश मागे जातो, दुसरा पाच. हा दोन अंशांचा फरक आता राहील असं मला वाटतं. वज्रासनात बसलं की वाटीखाली दुखतं, तेही कदाचित राहील. वाकणं पूर्ण. ८०० मीटर ती पळते, भरतीच्या मैदानासाठी तयार आहे. कबड्डीत दोन लहान सामने खेळली, दुसऱ्यात घोट्याला धरली गेली आणि पडली, उठली. आठवड्यातून दोनदा मांडीचे व्यायाम चालू आहेत आणि खेळते तोवर ते चालूच राहतील, असं आमचं ठरलं आहे.

बाजेवरची फळी काकूंनी काढलेली नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा त्या सांगत होत्या, शेजारच्या वाडीतल्या एका पोराचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कबड्डीतच, आणि त्याची आई विचारायला आली होती किती वाकवायचा म्हणून. "मी बाज पाह्यली तिची," काकू म्हणाल्या. "मंग फळी नेऊन देल्ली. आमची दुसरी होती."